तांबडा दिवा आणि त्याची साक्ष

तिन्हीसांजेला घरांत दिवा लागला म्हणजे हात जोडण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. विजेचे दिवे आले तरी ती सर्वस्वी सुटली नाहीं. आमच्या मातोश्री तर बटण दाबणारासहि क्षणभर मान लववीत असत. परंतु एक दिवा असा आहे कीं, तो लागतांच हात जुळण्याऐवजीं कपाळाला जातो. मोटारीच्या चक्रासमोरील फळीवर, वेगाच्या घड्याळाशेजारीं, तेलाच्या झारीच्या आकाराचा जो तांबडा दिवा असतो, त्याच्याविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हे. परंतु या दिव्यानें एकदां आमच्या एकत्र कुटुंबांत जें रामायण घडविलें, त्यानंतर आम्ही या विषयांत थोडेंफार लक्ष घातलें; आणि गाडी बिघडल्याचें सांगणारा दिवाच बिघडला असेल तर काय करावें, हा प्रश्न फार थोड्या घरीं विचारला जातो, असें आढळून आलें. दिवा लागला कीं कांहीं मंडळी इंजिन उघडावयास निघतात, कांहीं मंडळी दिव्याची तार तोडून मोकळीं होतात. दोन्ही पक्ष दिव्याला न्यायाधीश समजतात. एक त्याचा निकाल शिरसावंद्य मानतो, दुसरा त्याला पदच्युत करतो. वस्तुतः तो बिचारा साक्षीदार आहे.

सन २००३ च्या डिसेंबरांतील गोष्ट. गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनास जाण्याकरितां आम्ही नऊ माणसें पुण्याहून निघालों होतों. गाडी १९९६ सालची, डिझेलवर चालणारी; आमचे वडीलबंधू आप्पा यांनीं निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या पैशांतून ती जुनीच विकत घेतली होती, आणि तिजवर त्यांचा जीव होता. चालविणारा आप्पांचा धाकटा मुलगा, तेव्हां एकवीस वर्षांचा. आदल्या रविवारीं त्यानें अंगणांत गाडीखालीं शिरून इंजिनांतील तेल स्वतः बदललें होतें. गॅरेजचे पैसे वांचले म्हणून वहिनींनीं त्या दिवशीं शिरा केला होता. हें सांगावयाचें कारण पुढें येईल.

उंब्रज आणि पाटण मागें पडलें, कोयनानगर ओलांडलें. हेळवाकला चहा झाला. पुढें कुंभार्ली घाटाच्या तोंडाशीं एका मालमोटारीला वाट देण्याकरितां गाडी उभी केली, आणि इंजिन मंद गतीवर असतांना ती तांबडी झारी लुकलुकूं लागली. पायानें गति वाढवितांच ती विझे. पाय काढतांच पुन्हां लागे. मुलानें गाडी कडेला घेतली आणि तत्काळ इंजिन बंद केलें.

येथें त्यानें केलें तें सर्वस्वी योग्य केलें, हें आम्ही आज मुद्दाम नमूद करितों, कारण त्या वेळीं कोणीं केलें नाहीं. पिंवळा दिवा लागला तर बहुधा कांहीं दिवसांची सवड असते. तेलाच्या तांबड्या दिव्याला कांहीं क्षणांचीच. इंजिनाचा क्रँक आणि त्याचीं बेरिंगें यांच्यामध्यें तेलाचा जो पातळ थर असतो, तो पंपाच्या दाबामुळें टिकतो. दाब खरोखरच गेला असेल तर धातूवर धातू घांसूं लागतो, आणि एकदोन मिनिटांत कित्येक हजारांचें नुकसान होऊं शकतें. म्हणून दिवा खरा कीं खोटा, हा वाद इंजिन बंद केल्यावर घालावा.

आम्हीं तो घातला. पांच मिनिटें थांबून तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्यें होतें. खालीं थेंब नव्हता. मालमोटारीचा चालक खालीं उतरला, त्यानें डोकें आंत घातलें आणि म्हणाला, “वायर काढून टाका साहेब, आणि निघा. आमचा दिवा दोन वर्षें पेटलेलाच आहे!” दुसऱ्या एका सज्जनांनीं इंजिन बंद ठेवून घाट उताराच्या जोरावर उतरण्याची युक्ति सुचविली. ही सूचना वाचकांनीं कोणाचीहि ऐकूं नये. डिझेल गाडीच्या ब्रेकला साहाय्य करणारी निर्वातशक्ति इंजिनाबरोबर फिरणाऱ्या पंपांतून मिळते. इंजिन बंद असलें कीं दोनतीनदां दाबल्यावर ब्रेकचें पेडल दगडासारखें होतें, आणि तें घाटांत! आप्पांनीं दोन्ही सल्ले नाकारले. मातोश्री, वहिनी व मुलें यांना एस्. टी. नें चिपळुणास पाठविलें, आणि तीन तासांनीं क्रेन मिळवून गाडी तिच्यामागून खालीं नेली.

चिपळुणांत पहिल्या गॅरेजवाल्यानें दिवा लुकलुकतांना पाहिला, तेल कोणीं बदललें तें विचारलें, आणि निकाल दिला. पातळ तेल पडल्यामुळें बेरिंगें गेलीं. हाफ इंजिनाचें काम करावें लागेल. तीस हजार रुपये, आठ दिवस. त्यानें झांकणसुद्धां उघडलें नव्हतें.

त्या रात्रीं मावशींच्या घरीं जो प्रकार झाला, तो आठवला म्हणजे आजहि संकोच वाटतो. आप्पा रागीट नव्हेत. ते ओरडले नाहींत. “शिकलेल्या माणसाला जें येत नाहीं तें करूं नये, एवढें तरी कळावें,” एवढेंच ते भिंतीकडे पाहून म्हणाले. आम्हीहि त्यांत आपली समिधा टाकली. तेलाचा डबा कोणत्या दुकानांतून आणला, स्वस्त म्हणून आणला काय, असें विचारलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पान वाढलेलें तसेंच राहिलें. वहिनी आंतबाहेर करीत होत्या, आणि त्यांना कोणाची बाजू घ्यावी तें सुचत नव्हतें.

अखेर मातोश्री बोलल्या. आमचे तीर्थरूप सातारच्या कोर्टांत वकिली करीत असत. “अरे,” त्या आप्पांना म्हणाल्या, “हे असतांना एका साक्षीदाराच्या तोंडावर कधीं खटला सोडला का? दिव्याला कोणीं विचारलें, तूं खरें बोलतोस म्हणून?”

सकाळीं मावशींचे यजमान आम्हांला बाजारापलीकडे एका वृद्ध मिस्त्रींकडे घेऊन गेले. पत्र्याची शेड, आणि आंत एकच मदतनीस. मिस्त्रींनीं हत्याराला हात लावण्यापूर्वीं प्रश्न विचारले, आणि तेहि आप्पांना नव्हे, मुलाला. दिवा गाडी थंड असतांना लागतो कीं तापल्यावर? मंद गतीवरच कीं वेगांतहि? खालून ठोक्याचा आवाज आला काय? तेल कोणतें? उरलेल्या तेलाचा डबा गाडींतच होता. मिस्त्रींनीं त्यावरील छाप वाचली. पंधरा-डब्ल्यू-चाळीस, म्हणजे त्या इंजिनाला सांगितलेलेंच तेल. मग पट्टीवरील थेंब दोन बोटांत चोळला, हुंगला, आणि डिझेलचा वास नाहीं असें म्हणाले. डिझेल गळून तेलांत मिसळलें तरी तेल पातळ होतें व दाब पडतो. तोहि संशय याप्रमाणें फिटला.

पुढील परीक्षा समजण्यास या दिव्याची रचना कळली पाहिजे. इंजिनाच्या अंगांत अंगठ्याएवढा एक स्विच आट्यांनीं बसविलेला असतो. त्याच्या पोटांत एक पातळ पडदा व एक स्प्रिंग असते. तेलाला दाब नसतांना स्प्रिंगच्या जोरानें आंतील टोकें जुळलेलीं असतात. बॅटरीची वीज किल्लीवाटे बल्बांत, बल्बांतून एका तारेनें या स्विचांत, आणि तेथून इंजिनाच्या धातूंत उतरते. दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन पंपानें दाब आणला कीं पडदा उचलला जातो, टोकें विलग होतात व दिवा विझतो. साधारणपणें चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास दाब होतांच हें घडतें. म्हणजे दाब किती आहे, हें दिव्याला ठाऊकच नसतें. अमुक रेषेच्या वर कीं खालीं, एवढेंच तो जाणतो. आणि तेंहि त्या पडद्यानें सांगितलें तर!

तेव्हां दिवा लागण्याची कारणें तीन संभवतात. दाब खरोखरच पडला असेल. स्विच खोटें बोलत असेल. किंवा मधली तार कोठें तरी सोलून इंजिनाला टेंकली असेल. मिस्त्रींनीं प्रथम तिसऱ्या कारणाचा निकाल लावला. किल्ली फिरविली, इंजिन चालू केलें नाहीं; दिवा लागला, तसा तो लागलाच पाहिजे. मग स्विचवरची तार उपटून हवेंत धरली, दिवा विझला. तार कोठें टेंकली असती, तर तो विझला नसता. तार इंजिनाच्या धातूला लावली. दिवा पुन्हां लागला. म्हणजे बल्ब आणि तार दोन्हीं निर्दोष. तार उपटतांना मिस्त्रींनीं तिचें टोक मुलाला दाखविलें. आंत तेल झिरपलेलें होतें. पडद्याच्या अलीकडे तेल यावयाचें कांहींच कारण नसतें.

“आतां खरा साक्षीदार आणूं,” असें म्हणून त्यांनीं पेटींतून पितळी जोड, हातभर नळी आणि तिच्या टोकाला लावलेलें दाबाचें घड्याळ काढलें. स्विच उलगडून त्याच जागीं जोड बसविला. इंजिन सुरू केलें. थंड असतांना कांटा चारावर गेला. आप्पांनीं सुटकेचा श्वास टाकला. परंतु मिस्त्रींनीं हात वर करून त्यांना थांबविलें. थंड तेल दाट असतें. त्याच्या साक्षीला किंमत नाहीं. वीस मिनिटें इंजिन चालू ठेवलें, पाणी पुरतें तापूं दिलें, आणि मग मंद गतीवर कांटा पाहिला. सव्वा किलो. गति वाढविली, तीनाच्या वर. पुन्हां मंद केली, सव्वा किलो. आम्हीं सर्वांनीं त्या कांट्याकडे असें पाहिलें कीं, लग्नांत घटिकापात्राकडेहि इतक्या एकाग्रतेनें कोणी पाहात नसेल.

दाब उत्तम होता. बेरिंगें शाबूत होतीं. स्विचचा पडदा थकला होता. तेल तापून दाब थोडा उतरला कीं तो दबून बसे आणि टोकें जुळत. नवा स्विच दीडशे रुपयांच्या आंत मिळाला. तेल बदलल्यानंतर आठवड्यांतच हा प्रसंग यावा, हा केवळ काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गांठ पडली, एवढेंच. मिस्त्रींनीं मुलाच्या पाठीवर हात ठेवून, “तेल तर चांगलें भरलंस, बाळा,” असें म्हटल्यावर तो शेडच्या बाहेर गेला आणि बराच वेळ आंत आला नाहीं.

खरी हकीकत येथेंच संपली असती, तर हा लेख लिहिण्याचें आम्हांला कारण नव्हतें. पैसे विचारतां मिस्त्री म्हणाले, “थांबा. किल्ली फिरवा, आणि दिवे मोजा.”

आम्हीं मोजले. तेलाचा लागला, हातब्रेकचा लागला, इंजिन थंड असतां जो पिंवळा वेटोळ्याचा दिवा दिसतो तो लागला. बॅटरीचा मात्र लागला नाहीं. तो कधींपासून लागत नव्हता, हें आमच्यांतील कोणालाहि सांगतां येईना. सात वर्षांच्या त्या गाडीच्या फळीवर एक दिवा मुका होता, आणि त्याच्या मुकेपणाचा अर्थ आम्ही ‘सर्व कुशल’ असा लावीत आलों होतों!

बॅटरीचा दिवा हा नुसता सांगकाम्या नसतो. वीज निर्माण करणाऱ्या अल्टरनेटरला जागें होण्यास प्रारंभीं थोड्या प्रवाहाची गरज असते, आणि कित्येक गाड्यांत तो प्रवाह याच बल्बांतून जातो. बल्ब गेला कीं अल्टरनेटरला जाग येत नाहीं. लांबच्या रस्त्यावर इंजिन जोरानें फिरलें म्हणजे लोखंडांत उरलेल्या चुंबकत्वाच्या बळावर तो कसाबसा उठतो. गांवांतल्या गांवांत मात्र झोंपूनच राहतो. मिस्त्रींनीं मंद गतीवर बॅटरीवर मीटर लावला तों बारा व्होल्टच्या किंचित् वर. इंजिन चालू असतां तो चौदाच्या आसपास हवा. सकाळीं गाडी कुरकुरत सुरू होते, म्हणून आप्पांनीं दिवाळींत नवी बॅटरी घेतली होती. ती घेण्याचें कांहींएक कारण नव्हतें, हें त्यांना त्या क्षणीं उमगलें. चेहरा पाहण्यासारखा झाला.

पेट्रोलच्या गाडींत असा दोष फार दिवस लपून राहात नाहीं, कारण ठिणगीला वीज लागते. डिझेलची गोष्ट निराळी. रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचें वैशिष्ट्यच हें कीं, दाबून तापलेल्या हवेंत इंधन आपोआप पेटतें, ठिणगी नको. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीची स्थापना १९४६ सालीं झाली, आणि पुढें तिचीं इंजिनें खेडोपाडीं विहिरींवर चालूं लागलीं. त्यांच्याजवळ ना बॅटरी, ना दिवा. शेतकरी आवाजावरून प्रकृति ओळखीत असे. आमच्या गाडीचा इंधनपंपहि असाच यांत्रिक होता. इंजिन बंद करावयास दोरी ओढावी लागे. एकदां सुरू झाली कीं तिला विजेवांचून चालत असे. म्हणूनच ती तक्रार न करतां चालत राहिली. रात्रीं घाटांत समोरचे दिवे मंदावले असते, तेव्हांच काय तें कळलें असतें. आणि आमचा परतीचा प्रवास रात्रीचाच ठरला होता.

बल्ब बदलला. किल्ली फिरवितांच बॅटरीचा दिवा लागला, इंजिन सुरू होतांच विझला, आणि मीटरचा आंकडा चौदावर गेला. मिस्त्रींनीं स्विच, बल्ब आणि मजुरी मिळून तीनशें रुपये घेतले. आप्पा पाचशें देऊं लागले, ते घेईनात. आप्पांनीं मुलाची क्षमा मागितली नाहीं. आमच्या पिढींतल्या वडिलांना ती विद्या येत नाहीं. गुहागरला निघतांना ते मागच्या बाकावर जाऊन बसले आणि घाटाच्या तोंडाशीं काढून घेतलेली किल्ली त्यांनीं मुलाच्या हातांत दिली. संध्याकाळीं देवळांतून आल्यावर त्याला आग्रह करून चार मोदक वाढले.

हें झालें जुन्या गाडीचें. आतां फळीवर दिव्यांचा दीपोत्सवच असतो, आणि ते संगणकाच्या हुकमतीखालीं लागतात. त्यामुळें साक्षीदारांची संख्या वाढली. उलटतपासणीची गरज मात्र कमी झाली नाहीं. चक्राखालीं सोळा टोकांची एक खोबण असते, तींत यंत्र लावलें कीं संगणक दोषाचा आंकडा सांगतो. पुष्कळ कारागीर तो आंकडा वाचून लगेच सुटा भाग बदलतात. परंतु पी ०३८० हा आंकडा ‘इंजिन तापविणाऱ्या ग्लो प्लगच्या विद्युत्-मंडलांत दोष’ एवढेंच सांगतो. प्लग गेला, रिले गेला, कीं तार कुजली, हें सांगत नाहीं. तें मीटर लावून माणसानेंच शोधावयाचें असतें. कांहीं जर्मन डिझेल गाड्यांत तर हा वेटोळ्याचा पिंवळा दिवा चालतां चालतां लुकलुकूं लागतो, आणि कारण निघतें ब्रेकच्या पेडलावरील स्विच! ब्रेक दाबला कीं इंधन तोडावें, असा तेथें संगणकाला नियम घालून दिलेला असतो. पेडलाची वार्ता विसंगत येऊं लागली कीं तो आपली शंका या दिव्यावाटे कळवितो. प्लग बदलून तो दिवा कसा विझावा?

दि. १ एप्रिल २०२० पासून भारतांत बी. एस. सहा हें मानक सर्वत्र लागू झालें, आणि नव्या डिझेल मोटारींच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी आली. तिचा पिंवळा दिवा हल्लीं घरोघर भांडणें लावतो. तो बहुधा खोटा नसतो. फक्त त्याचा अर्थ निराळा असतो. गाळणींतील काजळी सुमारें सहाशें अंशांच्या उष्णतेंत जाळावी लागते, आणि शाळा, बाजार, देऊळ अशा दोन मैलांच्या फेऱ्यांत तेवढी उष्णता येतच नाहीं. असा दिवा प्रथम लागला असतां मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटें एकसारख्या गतीनें गाडी चालवावी. पुष्कळदां तो आपोआप विझतो. जळण्याचें काम वारंवार अर्ध्यावर तोडलें, तर जादा सोडलेलें डिझेल खालीं तेलांत उतरतें. तेलाची पट्टी वरच्या खुणेच्या पलीकडे भिजूं लागली, तर घरांत तेल वाढलें म्हणून आनंद मानूं नये. तें पातळ झालें आहे, आणि मग ती तांबडी झारी लागली तर तिच्यावर अविश्वास दाखविण्याचें कारण उरत नाहीं.

जुनी गाडी घेणारांस एक गोष्ट मात्र आम्ही आवर्जून सांगूं. रंग, गाद्या, टायर पाहण्यापूर्वीं किल्ली फिरवून दिवे मोजावे. दोष झांकण्याकरितां बल्ब काढून ठेवण्याची किंवा एका दिव्याची तार दुसऱ्याला जोडण्याची युक्ति बाजारांत आहे. तेलाचा आणि बॅटरीचा दिवा एकाच क्षणीं लागून एकाच क्षणीं विझूं लागले, तर संशय घ्यावा. दोघांचीं कामें निराळीं, तेव्हां त्यांच्या विझण्यांत थोडें अंतर दिसावें.

आमची ती गाडी २०११ सालीं विकली. घेणारे गृहस्थ कोरेगांवचे, शेतीवाडीवाले. त्यांनीं बॉनेट उघडून इंजिनाकडे जाणत्या माणसाप्रमाणें पाहिलें, एक दोन वेळां मान हलविली आणि पैसे मोजावयास काढले. आमचा पुतण्या तेव्हां पुण्यास नोकरीवर होता; त्या दिवशीं रजा घेऊन आला होता. त्यानें त्यांना थांबविलें, दार उघडून चक्रापाशीं बसविलें, किल्ली अर्धी फिरविली आणि म्हणाला, “काका, आधीं दिवे मोजा.” आप्पा ओट्यावर उभे होते. गृहस्थांच्या आधीं त्यांनींच मोठ्यानें मोजावयास सुरुवात केली.